'स्वदेसी' : अनेक भाषांतला 'आम्ही'

रॅप म्हणजे आजची शाहिरी, हे विधान मराठीत आता इतक्या वेळा केले गेले आहे की त्यातले विधान संपून स्वागतवाक्य तेवढे उरले आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, चर्चासत्रांत, कार्यक्रमांच्या निवेदनांत ते सारख्याच सहजतेने येते. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. परक्या मुलखातून आलेला, गाणे की बोलणे हेही धड ठरवू न देणारा एक प्रकार मराठी घरात आणायचा, तर त्याला एखादे कूळ द्यावे लागते. आणि या कामी शाहिरीपेक्षा प्रतिष्ठित कूळ दुसरे नाही. मात्र कूळ बहाल करणारा थोडे काही काढूनही घेत असतो. मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप समूहाच्या बाबतीत काय काढून घेतले गेले, हे तपासण्याजोगे आहे. जमीन, जात, जंगल, सत्ता हे त्याचे विषय आणि त्याची आक्रमक वाणी पाहून त्याला 'शाहिरी' हे नाव तत्काळ मिळाले. हे साम्य आशयाचे झाले. रूपाचा प्रश्न त्यामुळे विचारलाच गेला नाही.

शाहिरी ही एकट्याची कला नव्हे. पुढे शाहीर, मागे डफ-तुणतुण्यासह झीलकरी, आणि समोर मंडळी, अशी तिची मांडणी असते. शाहीर चौक उभा करतो, ओळीचा शेवट झीलकऱ्यांच्या हाती सोपवतो, आणि त्यांनी ती उचलून धरली की श्रोत्यांपर्यंत पोहोचते. झील म्हणजे नुसती श्वास घेण्याची सोय नव्हे. एकाच्या म्हणण्याला अनेकांची मान्यता मिळते ती तिथे. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचा १८९१चा संग्रह असो किंवा पुण्याच्या य. न. केळकरांनी १९२८ पासून संपादित केलेले 'ऐतिहासिक पोवाडे' असोत, छापील पोथीत झील फारशी उतरत नाही. तिथे शाहिराची संहिता टिकते आणि त्याच्या पाठीमागची माणसे गळतात. मराठी समीक्षेने पोवाडा बहुतांशी अशा पुस्तकांतून वाचला असल्यामुळे तिच्या मनातील शाहीर हा एकटा कवी असतो. रॅपच्या गायकातही तिला तोच दिसावा, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शाहीर, झीलकरी आणि श्रोते यांची भाषा एकच असते, हे शाहिरीने गृहीत धरलेले असते. आधुनिक काळातील तिचे सर्वांत तेजस्वी पर्व तर याच गृहीतावर उभे आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये 'लाल बावटा कलापथक' उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मुंबईवर जो हक्क सांगितला तो कामगारांचा होता आणि त्याच श्वासात मराठी भाषकांचाही होता. १ मे १९६० रोजी गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे झाले तेव्हा त्या 'आम्ही'ला राज्याची सीमा मिळाली. त्या इतिहासाला जेमतेम अर्धशतक झाले असताना, २०१३च्या सुमारास, त्याच शहरात एक समूह तयार झाला, आणि त्यात एमसी मवाली मराठीतून आणि एमसी तोडफोड गुजरातीतून, एकाच तालावर, एकामागून एक बोलू लागले. या घटनेला 'शाहिरी' म्हणून मोकळे होणे म्हणजे तिच्यातली सर्वांत वेगळी गोष्ट नजरेआड करणे होय.

'स्वदेसी'त गायकांबरोबर संगीतरचनाकारही आहेत (बॅमबॉय, नार, राक्षस ही त्यांची नावे). मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा भाषा समूहाच्या रचनांत येतात, आणि त्या मिसळून एकजीव केल्या जात नाहीत, हे ध्यानात घ्यावे. मुंबईच्या बाजारू हिंदीचे काव्यरूप मराठीला नवे नाही. अरुण कोलटकरांनी ते पूर्वीच सिद्ध केले आहे, आणि नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) तर शहराच्या तळाशी साचलेला शब्दसंग्रह कवितेच्या मध्यभागी आणून ठेवला. परंतु या दोन्ही ठिकाणी अनेक बोली एका कवीच्या मुखातून येतात. त्यांचा धनी एकच असतो. 'स्वदेसी'मध्ये प्रत्येक भाषेला वेगळा धनी आहे. मवालीचे कडवे संपते, तोडफोडचे सुरू होते. ताल तोच असतो, पण मराठी श्रोत्याची समज तेथे निम्म्यावर येते. गुजराती श्रोत्याचे नेमके उलट होते. सगळे सारखेच समजले असा श्रोता या गाण्यांसमोर क्वचितच असेल. शाहिरीत न समजणाऱ्याला जागा नसते. येथे अर्धवट समजणे हीच श्रोत्याची नेहमीची अवस्था आहे, आणि ती मान्य करूनच हा 'आम्ही' बांधलेला आहे.

समूहाच्या नावाविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. पुण्यात 'स्वदेशी' हा शब्द ऐकला की १९०५ सालची विदेशी कापडाची होळी आठवते, आणि ती आठवण या नावात अर्थातच गुंतलेली आहे. मात्र नाव 'स्वदेशी' नाही, 'स्वदेसी' आहे. तालव्य श ऐवजी दंत्य स आणणारा हा उच्चार पाठशाळेतला नसून रस्त्यावरचा आहे. राष्ट्रीय चळवळीचा तत्सम शब्द घेऊन तो वस्तीच्या तोंडी दिला, एवढे या एका वर्णाने साधले. शिवाय ज्याने विलायती कापड जाळले त्याच्या नावाने विलायती घाटाचे गाणे म्हणायचे, हा विरोधाभासही त्यात आहेच. तो अजाणता आला असावा असे वाटत नाही.

गायकांची नावेही अशीच वाचावी लागतात. मवाली आणि तोडफोड ही नावे वृत्तपत्राच्या गुन्हेविषयक रकान्यातून उचललेली. समाज ज्या शब्दाने हाकलतो तोच शब्द पदवीसारखा मिरवायचा, ही रीत हिप-हॉपची आहे तशी दलित साहित्याचीही आहे. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर यांचे नाव त्याहून चमत्कारिक. ते लिहिले जाते शंभरचा आकडा आणि त्यापुढे आर, बी, एच ही तीन रोमन अक्षरे असे. त्याचा उच्चार 'सौरभ' व्हायचा तर आकडा हिंदीत वाचला पाहिजे. मराठीत शंभराला 'सौ' म्हणत नाहीत, मराठीत 'सौ.' लागते ते लग्नपत्रिकेत. म्हणजे वऱ्हाडातून आलेल्या या मराठी गायकाचे नाव उच्चारण्यासाठी हिंदी आकडा आणि इंग्रजी लिपी यांतून जावे लागते, आणि शेवटी हाती लागतो तो एक शुद्ध तत्सम शब्द. या समूहाचा भाषाव्यवहार एवढ्या थोडक्यात दुसरीकडे कुठे सापडणार नाही. अभंगात किंवा पोवाड्यात नाममुद्रा शेवटी येते आणि रचना कोणाची याची ग्वाही देते. रॅपमध्ये तिची जागा ठरलेली नाही. गायक स्वतःचे नाव कडव्याच्या आरंभीही घेतो, मध्येही घेतो, कारण त्याच्या आधी आणि नंतर दुसरा कोणी बोलणार असतो. एका रचनेत तीन-चार नाममुद्रा असू शकतात, ही गोष्ट पोवाड्याच्या अभ्यासकाला खटकायला हवी. शाहीर तिघे-चौघे आहेत आणि झीलकरी एकही नाही.

जगाच्या पाठीवर 'पर्यायी हिप-हॉप' म्हणून जी शाखा ओळखली जाते तिच्याशी तुलना केली असता हा विशेष अधिक स्पष्ट होतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क परिसरातील जंगल ब्रदर्स, डी ला सोल, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या समूहांनी 'नेटिव्ह टंग्ज' नावाची एक सैल आघाडी केली. बढाई, पैसा आणि बंदूक यांभोवती फिरू लागलेल्या गाण्याला त्यांनी विनोदाकडे, जॅझकडे, आफ्रिकी वारशाकडे वळवले. 'नेटिव्ह टंग्ज' म्हणजे मातृभाषा, स्वभाषा. आणि तरीही या सर्व समूहांची गाणी इंग्रजीतच होती. गुलामगिरीने मूळ भाषा हिरावून घेतल्या, तेव्हा त्यांच्यासाठी ते नाव एका नुकसानीचे नाव होते. 'स्वदेसी'कडे मातृभाषा शिल्लक आहेत. न्यूयॉर्कच्या तरुणांनी जे रूपक म्हणून वापरले ते मुंबईत शब्दशः घडले. मात्र मुंबईतील सगळेच हिप-हॉप असे नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. धारावीच्या समूहांतही तमिळ, मराठी, हिंदी एकत्र आल्या. परंतु भाषांची वाटणी हेच संघटनेचे तत्त्व 'स्वदेसी'ने जेवढे चिकाटीने पाळले तेवढे इतरांत आढळत नाही.

आता छंदाकडे. माधव जूलियन यांच्या 'छंदोरचने'तील वर्गीकरण अक्षरगणवृत्त, जाती आणि छंद असे आहे, आणि रॅपचा चार ठोक्यांचा आवर्त पाहून त्याला पद्मावर्तनी जातीच्या, म्हणजे आठ मात्रांच्या आवर्तनाच्या, जवळ बसवण्याचा मोह होतो. ठोके मोजले तर हे जुळते. अक्षरे मोजली तर जुळत नाही. ओवी-अभंगात 'घर' हा शब्द दोन अक्षरांचा धरला जातो आणि गाताना शेवटचा अकार खरोखरच उच्चारला जातो. बोलताना तो शब्द एकाच व्यंजनान्त अवयवाचा असतो. रॅप बोलण्याच्या बाजूने उभा राहतो. त्यामुळे मराठीच्या बोलीतील जी व्यंजनान्त, तुटक, आघातयुक्त घडण छंदाने शतकानुशतके ताणून लपवली, ती येथे तालाच्या अंगावर येते. यमकाचेही तसेच. ओळीच्या शेवटी यमक साधून भागत नाही. ओळीच्या पोटात स्वरसाम्याची साखळी चालवावी लागते. मराठीत शब्द विभक्तिप्रत्ययांनी संपत असल्यामुळे अन्त्ययमक फार स्वस्तात मिळते, आणि म्हणूनच ते लवकर कंटाळवाणे होते. 'स्वदेसी'च्या मराठी कडव्यांत जिथे प्रत्ययांवर भागवले आहे तिथे ती घोषणेसारखी ऐकू येतात. जिथे धातूच्या अंगातले स्वर जुळवले आहेत तिथे ती बोलू लागतात. समूहाची रचना सर्वत्र सारख्या प्रतीची नाही हे मान्य करावे लागते. विषयांची यादी वाचून दाखवावी तशी काही कडवी येतात, आणि मग शाहिरीचे नाव देणाऱ्यांच्या औदार्याचा खरा उपयोग कळतो: ते कमजोर ओळींनाही पाठबळ देते.

तालाच्या बाबतीत समूहाला एक शिक्षण असे मिळाले की जे इतर रॅपगायकांना सहसा मिळत नाही. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी 'ता धोम' या प्रकल्पात 'स्वदेसी'च्या गायकांना कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल मुखाने उच्चारण्याची कर्नाटक संगीतातली पद्धत, शिकवली. चार ठोक्यांच्या चौकटीत पाच-पाच, सात-सात अवयवांचे गट बसवण्याची सवय या पद्धतीतून लागते. बोल निरर्थक असतात आणि त्यामुळेच ते भाषेच्या आधीचे असतात. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांना एकाच तालात ठेवण्यासाठी यापेक्षा तटस्थ अशी सामाईक जागा शोधूनही सापडली नसती. याच धाग्यातून पुढे झोया अख्तर यांच्या 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटात 'इंडिया ९१' हे गीत आले. त्यात तोडफोड आणि सौरभ यांचे आवाज आहेत. चित्रपटाची मुख्य कथा मात्र एका मुलाच्या वर येण्याची आहे. अनेक भाषांचा समूह तिथे पूरक म्हणून येतो, आणि बाजाराने हिप-हॉपची जी गोष्ट भारतभर पोहोचवली ती एकट्याच्या उत्कर्षाची होती.

त्याच वर्षीची 'द वारली रिव्होल्ट' ही रचना 'स्वदेसी'च्या वाटचालीतील मध्यवर्ती कृती मानावी लागेल, आणि तिच्यातील अडचणीही तितक्याच मध्यवर्ती आहेत. तिचा संदर्भ गोरेगावच्या आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडचा. आरेतील केळतीपाड्याचे वारली रहिवासी प्रकाश भोईर हे या रचनेत समूहाबरोबर गातात. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थितीत बदल न करण्याचा आदेश देईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडलेली होती. कारशेड पुढे कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा २०२० मध्ये झाली, २०२२ मध्ये ती फिरवली गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून मेट्रो धावू लागली. गाण्याने झाड वाचत नाही, हा शोध कोणी नव्याने लावण्याची आवश्यकता नाही. प्रश्न वेगळा आहे.

रचनेचे शीर्षक इंग्रजी आहे, आणि ते तलासरी-उंबरगाव-डहाणूच्या १९४५ ते १९४७च्या वारली उठावाकडे मागे वळून पाहते. मराठी वाचकाला तो उठाव माहीत आहे तो मुख्यतः गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकातून. ते थोर पुस्तक आहे. तरी त्यात जागा होणारा माणूस वारली आहे आणि ते सांगणारी बाई बाहेरून आलेली आहे. 'द वारली रिव्होल्ट'मध्ये वारली स्वतः गातो. पण गीताच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव कसे येते? हिप-हॉपच्या प्रघाताप्रमाणे समूहाचे नाव आधी, नंतर 'फीचरिंग', आणि मग प्रकाश भोईर. म्हणजे पाहुणा. ज्याच्या पाड्याच्या जमिनीविषयी गाणे आहे तो गाण्यात पाहुणा, आणि शहरातून पाड्यावर गेलेले यजमान. हा दोष समूहाच्या नियतीचा नव्हे. तो प्रकाराच्या व्याकरणाचा आहे. परंतु 'स्वदेसी'ने इतर ठिकाणी भाषेला धनी देण्याचे जे तत्त्व पाळले त्याची कसोटी येथे लागते. मवाली आणि तोडफोड परस्परांच्या भाषेत अर्धे परके असतात, आणि ते परकेपण दोन्ही बाजूंनी सारखे असते. भोईर यांचे गाणे ऐकणाऱ्या शहरी श्रोत्याचे अर्धवट समजणे तसे समान पातळीवरचे नाही. त्या आवाजाचे वातावरणनिर्मितीत, जंगलाच्या पार्श्वध्वनीत रूपांतर होण्याचा धोका सतत असतो. रचना तो धोका टाळते काय? बऱ्याच अंशी टाळते, आणि ते याच कारणाने की भोईर यांचा गळा रॅपच्या चालीत वाकवलेला नाही. त्यांचे गाणे त्यांच्या लयीत येते. येथे एकदाच असे घडते की या समूहाला झीलकऱ्याच्या जागेवर जाऊन उभे राहावे लागते.

मराठी समीक्षेच्या परिचित संज्ञांत हे मांडायचे तर भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाशी गाठ पडणे अटळ आहे. नावावरून 'स्वदेसी' हे देशीवादाचे तरुण अपत्य वाटेल. देशीवादात साहित्यकृतीचे मूल्य तिच्या भाषिक समूहाच्या जमिनीशी बांधलेले असते. जमीन एक, भाषा एक, परंपरा एक. 'स्वदेसी'त जमीन एक आहे, भाषा अनेक आहेत, आणि रूप तर उघडच आयात केलेले आहे. तरीही हे रूप मुंबईव्यतिरिक्त कुठे घडले असते असे म्हणवत नाही. देशीयतेची एकभाषिक कल्पना येथे अपुरी पडते. उलट बाजूने बाख्तिनच्या बहुस्वरतेची संज्ञा आणावी, तर तिचाही सांधा पूर्ण बसत नाही. बाख्तिनने अनेक भाषांचे घर कादंबरीला मानले आणि काव्याला एका स्वराचे. पण कादंबरीतील भाषा लेखकाने मांडलेल्या असतात. त्यांच्या वर कोणी तरी असतो. एकामागून एक बोलणाऱ्या गायकांच्या वर कोणी नसतो. फक्त ठोका असतो.

२०२० मध्ये दिल्लीच्या 'आझादी रेकॉर्ड्स'कडून आलेल्या 'चेतावनी' या संग्रहाचे शीर्षक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हिंदीत 'चेतावनी' आणि गुजरातीत 'चेतवणी' म्हणजे इशारा. मराठीत तो अर्थ अलीकडे हिंदीच्या प्रभावाने रुळला. जुन्या मराठी कानाला मात्र 'चेतवणे' ऐकू येते, म्हणजे पेटवणे. एकच शब्द तीन भाषांत थोड्या थोड्या अंतराने वेगळा पेटतो. इंग्रजी शीर्षकाने वारली रचनेत जे साधले नाही ते या शब्दाने साधले आहे. त्याच वर्षीच्या 'क्रांती हवी' या गीताचे नाव मात्र सरळ मराठी वाक्य आहे आणि त्याला कोणत्याही खेळाची गरज भासलेली नाही.

पुण्याच्या बाजूने पाहिले तर या वाटचालीच्या दोन्ही कडा दिसतात. एका कडेला कबीर कला मंच: गुजरातच्या दंगलींनंतर २००२ मध्ये पुण्यात उभे राहिलेले पथक, आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटातून दूरवर पोहोचलेले. तिथे झील होती, आणि पुढे उभा राहिलेला आवाज शीतल साठे यांचा, म्हणजे स्त्रीचा होता. 'स्वदेसी'च्या 'आम्ही'त अनेक भाषा आहेत, पण ठळकपणे ऐकू येणारे आवाज पुरुषांचेच आहेत. शाहिरीशी तुलना करणाऱ्यांनी ही उणीवही तुलनेत धरायला हवी होती. कबीर कला मंचाच्या कलावंतांना या गाण्याच्या आगेमागे तुरुंगवास घडला, हा फरकही विसरता येत नाही. दुसऱ्या कडेला ताडीवाला रस्त्यावरून आलेला एमसी स्टॅन. त्याची भाषा पुण्याच्या वस्त्यांतली हिंदी. सदाशिव पेठेच्या प्रमाण मराठीने जिला कधी कानाशी येऊ दिले नाही, ती त्याच्यामुळे देशभर ऐकली गेली. 'तडीपार' (२०२०) हे त्याच्या संग्रहाचे नाव पोलिसी हद्दपारीच्या आदेशातून आलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने 'बिग बॉस'चे सोळावे पर्व जिंकले. त्याच्या यशाबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. पण त्या गाण्यातला 'मी' इतका भरलेला आहे की त्यात दुसऱ्याच्या भाषेला शिरण्यास फट नाही. दूरचित्रवाणीच्या स्पर्धांना हाच घाट मानवतो. २०२३ मध्ये 'एमटीव्ही हसल'च्या तिसऱ्या पर्वात सौरभ उतरले तेव्हा परीक्षकांसमोर उभा होता तो एक स्पर्धक. समूहाला गुण देण्याची सोय अशा कार्यक्रमांत नसते.

मार्च २०२२ मध्ये धर्मेश परमार, म्हणजे तोडफोड, वयाच्या चोविसाव्या वर्षी निधन पावला. 'ट्रुथ अँड बेस' हा त्याचा स्वतंत्र संग्रह त्याच महिन्यात आलेला होता. त्याचा शेवटचा कार्यक्रम 'स्वदेसी मेळ्या'त झाला. पुणेकराला 'मेळा' म्हणजे जत्रा आधी आठवत नाही. त्याला १८९०च्या दशकातले गणेशोत्सवी मेळे आणि त्यांना उत्तर म्हणून १९२०च्या दशकात जेधे-जवळकरांच्या काळात गाजलेला छत्रपती मेळा आठवतो. मेळा म्हणजे गाणाऱ्यांची तुकडी. तुकडीतला एक गेला की दुसरा त्याची जागा घेई, कारण पदे मेळ्याची असत. झीलकरी बदलला तरी झील चालू राहते. 'स्वदेसी'ने झील ठेवली नाही, प्रत्येकाला शाहीर केले, प्रत्येक भाषेला एक धनी दिला. आणि म्हणून तोडफोड गेल्यावर रिकामी झाली ती एका माणसाची जागा नव्हे, एका भाषेची. दुसरा कोणी मराठी गायक ती भरू शकत नाही. दुसरा गुजराती गायक आला तरी तो स्वतःच्या नाममुद्रेसह येईल. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा फाइफ डॉग मार्च २०१६ मध्ये वारला आणि त्याचा आवाज असलेला संग्रह त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघाला. तेथे उरलेल्यांना निदान त्याच्याच भाषेत त्याला उत्तर देता आले. ज्या रचनेमुळे हा समूह शाहिरीहून वेगळा आणि अधिक मोकळा ठरतो, तिचीच ही किंमत आहे, आणि 'रॅप म्हणजे शाहिरी' म्हणणाऱ्या समीक्षेला ती दिसण्याचा संभवच नाही, कारण तिने झील मोजलेलीच नव्हती.

या गाण्यांची संहिता हा यानंतरचा प्रश्न. पोवाड्यांना १८९१ मध्ये संग्राहक मिळाले. आंबेडकरी गीतांच्या चोपड्या आणि ध्वनिफिती चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर विकल्या गेल्या. 'स्वदेसी'ची गाणी ध्वनिमुद्रणात आहेत. ती लिहून काढली जातात ती बहुधा ऐकणाऱ्यांकडून आणि रोमन लिपीत. रोमन लिपीत ल आणि ळ एकच होतात, ण आणि न एकच होतात, वऱ्हाडी 'मले', 'तुले' यांना कोणी भाबडा लेखनिक 'मला', 'तुला' करून टाकतो. ज्या बोलीसाठी गायकाने छंद मोडला ती बोली उतरवून घेणाऱ्याच्या हाताखाली पुन्हा शाळेत जाते. गुजराती कडवी मराठी अभ्यासक सोडून देतील आणि मराठी कडवी गुजराती अभ्यासक. विद्यापीठांतील भाषाविभागांच्या भिंती पाहता दुसरे काही संभवत नाही. अशा स्थितीत या रचनांची पहिली विश्वसनीय प्रत निघायची तर ती देवनागरी आणि गुजराती अशा दोन लिप्यांत, दोन संपादकांनी शेजारी बसून काढावी लागेल, आणि भोईर यांच्या भागासाठी तिसऱ्या माणसाला केळतीपाड्याहून बोलवावे लागेल. त्या वेळी त्याचे नाव मुखपृष्ठावर कुठे छापायचे हे आधी ठरवून घेतलेले बरे.